पडदा कोणाच्या डोळ्यांसाठी?

वाकडच्या रस्त्यांच्या कडेला भंगाराची जी दुकाने आणि गोदामे आहेत ती येणाऱ्याजाणाऱ्यांच्या दृष्टीस पडू नयेत, त्यांच्यापुढे उंच पत्रे ठोकावेत, हिरवे कापड ताणावे, निदान झाडांची एक दाट रांग तरी लावावी, असा विचार आजकाल सभ्य समाजात मोठ्या सहजतेने बोलून दाखविला जातो. बोलणारे गृहस्थ सज्जन असतात. ते म्हणतात, आम्ही कोणाचा धंदा बंद करा असे म्हणत नाही, कोणास हुसकून लावा असेही म्हणत नाही. आम्ही फक्त झाका म्हणतो. यात कोणाचे काय बिघडते?

मागणी इतकी सौम्य आहे म्हणूनच तिची तपासणी कठोरपणे झाली पाहिजे. या देशात आमच्यावर जी जी बंधने लादली गेली त्यांतील पुष्कळशी अशीच सौम्य भाषेत सांगितली जात असत. विहिरीला हात लावू नका, एवढेच. देवळाच्या पायरीखाली उभे राहा, एवढेच. या ‘एवढेच’ शब्दाची किंमत आमच्या कित्येक पिढ्यांनी मोजली आहे.

आमचे म्हणणे आरंभीच स्पष्ट करतो. भंगाराच्या आवाराला कुंपण असावे की नसावे हा वाद नाही. धूळ अडावी, आग पसरू नये, लहान मुले आत शिरून जखमी होऊ नयेत, चोरी होऊ नये, यांसाठी भिंत हवी असेल तर ती जरूर बांधावी. परंतु केवळ पाहणाऱ्याच्या डोळ्यांस त्रास होतो म्हणून जी भिंत बांधावयाची, तिला आमचा विरोध आहे. पहिली भिंत धोका अडविते. दुसरी भिंत माणूस झाकते, आणि जो झाकला गेला त्याच्या हक्काचा प्रश्न विचारण्यास मग कोणी उरत नाही.

भंगार कोणाचे?

प्रथम हा माल कोणाचा ते पाहू. वाकड हे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्यापूर्वी ते मुळा नदीच्या काठचे एक शेतकरी गाव होते. शेजारी हिंजवडीची संगणकनगरी उभी राहिली, मुंबई-बंगळूर महामार्ग वाढला, आणि दोन दशकांत गावाच्या शेतांवर उंच इमारती आल्या. या प्रत्येक इमारतीसाठी लोखंड आले आणि त्याचे तुकडे उरले. सिमेंटच्या गोण्या आल्या आणि रिकाम्या झाल्या. लोक राहावयास आले तेव्हा वातानुकूलक यंत्रे, शीतकपाटे, संगणक, दुचाक्या, मोटारी, पुठ्ठ्याची खोकी आणि पाण्याच्या बाटल्या आल्या. त्या सर्वांचे एके दिवशी भंगार झाले. भंगारवाल्याने हे भंगार कारखान्यात तयार केले नाही. ते तुमच्या-आमच्या घरांतून निघाले, आणि ते निघाले याची आठवण नको म्हणून आता पडदा हवा आहे.

या मालाचे पुढे काय होते? फिरता भंगारवाला तो घरोघर विकत घेतो, कचरा वेचणारी बाई तो उकिरड्यातून उचलते. छोट्या दुकानदाराच्या वजनकाट्यावर तो येतो. तेथे तांबे निराळे, पितळ निराळे, बीड निराळे, पत्रा निराळा, पुठ्ठा निराळा अशी निवड होते. मग मोठ्या गोदामात आणि तेथून भट्टीत. भोसरी, चाकण या पट्ट्यातील ओतकाम कारखान्यांच्या भट्ट्यांत जे लोखंड वितळते त्यात जुन्या लोखंडाचा वाटा मोठा असतो. खनिजापासून नवे ॲल्युमिनियम काढण्यास जी ऊर्जा लागते तिच्या जवळजवळ ९५ टक्के ऊर्जा जुने ॲल्युमिनियम वितळविल्याने वाचते. ज्या मोटारीच्या काचेतून हे आवार पाहून मालक नाक मुरडतो, त्या मोटारीच्या इंजिनात याच आवारातून गेलेली धातू असण्याचा पुष्कळ संभव आहे!

आणि हे काम करतो कोण? १९९३ साली बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने पुण्यात ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. पुणे आणि पिंपरी-चिंचवड येथील कचरावेचक व फिरते खरेदीदार तिचे सभासद. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्या स्त्रियांत बहुसंख्य पूर्वी अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातींतील. हा योगायोग आहे असे ज्यास वाटत असेल त्याने या देशाचा इतिहास पुन्हा वाचावा. ज्यांना गावाने मेलेले ढोर ओढावयास लावले, त्यांच्याच मुलीबाळींच्या हाती शहराने मेलेल्या वस्तू दिल्या.

जुना नियम, नवा पत्रा

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांविषयी जे नियम आहेत ते वाचकांनी एकदा डोळ्यांपुढे आणावेत. त्यांची वस्ती गावाबाहेर असावी. त्यांनी फुटक्या भांड्यांत जेवावे. त्यांचे अलंकार लोखंडाचे असावेत. मृतांची वस्त्रे त्यांनी नेसावी. रात्री त्यांनी गावात फिरू नये. दिवसा कामापुरते यावे, तेही राजाज्ञेची खूण अंगावर बाळगून. फुटके भांडे, लोखंड, टाकलेले वस्त्र आणि गावाबाहेरची जागा! भंगाराच्या व्यवसायाची सबंध रूपरेषा दोन हजार वर्षांपूर्वीच आखून ठेवलेली आहे. त्या नियमांतील मर्म नीट लक्षात घ्या. चांडाळाचे श्रम गावाला हवे होते. त्याचे दर्शन तेवढे नको होते. ज्या ग्रंथाचे दहन बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झाले, त्याची ही आज्ञा आज पत्र्यावर आणि हिरव्या कापडावर लिहिली जाणार असेल तर ती आम्ही ओळखू नये काय?

पेशवाईतील पुण्याची हकीकत बाबासाहेबांनी १९३६ साली आपल्या न झालेल्या लाहोरच्या भाषणात जगापुढे मांडली होती. अस्पृश्याच्या कमरेला झाडू, कारण त्याचे पाऊल पुसले जावे. गळ्यात मडके, कारण त्याची थुंकी जमिनीवर पडू नये. तो रस्त्यावरून गेला होता याची खूणसुद्धा रस्त्यावर राहू नये अशी ती योजना होती. आज झाडू आणि मडके कोणी बांधू शकत नाही. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने ते बंद केले. म्हणून माणसाला सोडून त्याच्या जागेला बांधावयाचे! माणसाचा स्पर्श निषिद्ध मानणे हा गुन्हा ठरला आहे. माणसाचे दर्शन निषिद्ध मानणे याला मात्र अद्याप ‘सौंदर्यीकरण’ असे गोंडस नाव आहे.

ही आमची कल्पना नव्हे. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अहमदाबादेस येणार म्हणून विमानतळाच्या रस्त्यावर, झोपडवस्तीच्या पुढे, सुमारे अर्धा किलोमीटर लांबीची भिंत बांधण्यात आली. डिसेंबर २०२२ मध्ये जी-२० परिषदेचे पाहुणे मुंबईस आले तेव्हा त्यांच्या वाटेवरील झोपड्यांपुढे कापडाचे पडदे लागले. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत हाच प्रयोग हिरव्या कापडाने झाला. तिन्ही ठिकाणी वस्तीला नळ मिळाला नाही, गटार मिळाले नाही. पडदा मात्र वेळेवर मिळाला. पाहुणे आले आणि गेले. त्या पडद्यामागे गरिबीचा एक कणही कमी झाला नाही.

अमेरिकेचा दाखला देणाऱ्यांस

कोणी विद्वान म्हणतील की जुन्या मोटारींची आणि भंगाराची आवारे झाकण्याचा कायदा प्रगत देशांतही आहे. आहे, हे खरे. अमेरिकेत २२ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी महामार्ग सौंदर्यीकरणाच्या कायद्यावर सही केली. त्यांच्या पत्नीने त्यासाठी मोठी खटपट केली होती. त्या कायद्याने प्रमुख महामार्गांच्या कडेपासून १,००० फुटांच्या आतील भंगाराची आवारे कुंपणाने किंवा झाडांनी झाकावीत किंवा हलवावीत असे ठरले, आणि जे राज्य हे करणार नाही त्याच्या महामार्ग-निधीतून १० टक्के रक्कम रोखण्याची तरतूद झाली.

परंतु तोच कायदा पुढे काय म्हणतो ते हे विद्वान वाचून दाखवीत नाहीत. औद्योगिक वापरासाठी राखलेल्या क्षेत्रांतील आवारांना त्याने वगळले. आणि जे आवार हलवावे लागेल त्याच्या मालकास योग्य भरपाई दिली पाहिजे असे त्याच कायद्यात लिहिले. म्हणजे डोळ्यांच्या सुखासाठीही जो कायदा झाला त्याने धंद्याला जागा ठेवली आणि नुकसानीची किंमत सरकारच्या तिजोरीतून मोजण्याचे मान्य केले. आमच्याकडे या कायद्यातील कुंपण तेवढे उचलावयाचे आणि भरपाईचे पान फाडून टाकावयाचे, असा बेत दिसतो. नक्कलच करावयाची तर पुरी करा!

शिवाय तेथील भंगारवाला जातीने भंगारवाला नसतो. त्याच्या मुलाकडे कोणी आडनाव ऐकून पाहत नाही. येथे वस्तू झाकली की तिच्याबरोबर तिला हात लावणारी जातही झाकली जाते, आणि हा फरक ज्यास कळत नाही त्याने परदेशचे दाखले देण्याच्या भानगडीत पडू नये.

पडद्यामागे काय घडते

आता उपयोगाच्या दृष्टीने पाहू. भंगाराच्या आवारापासून लोकांस खरा त्रास होतो हे आम्ही नाकारीत नाही. तांबे काढण्यासाठी तारांवरील रबर जाळले की विषारी धूर निघतो. जुन्या बॅटऱ्या फोडल्या की आम्ल आणि शिसे मातीत जाते. इंजिनातले तेल जमिनीत मुरते. पुठ्ठा आणि प्लास्टिक यांच्या ढिगाला ठिणगी लागली की आग तासन्तास विझत नाही. पण यांतील कोणता त्रास दहा फूट उंच पत्र्याने दूर होतो? धूर पत्र्यावरून जातो. शिसे पत्र्याखालून जाते. आग लागली तर चारही बाजूंनी ठोकलेले आणि एकच दार ठेवलेले आवार बंबाला अडविते आणि आतल्या मजुराला कोंडते. पत्र्याने एकच गोष्ट घडते : तारा जाळणारा पोरगा रस्त्यावरून दिसत नाही. तो दिसत होता तोवर एखादा भला माणूस तक्रार तरी करीत होता.

याच महाराष्ट्रात उलट उदाहरणही आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महानगरपालिकेने हवेतील धुळीसाठी जे नियम काढले त्यांत बांधकामांभोवती २५ ते ३५ फूट उंचीचे पत्रे लावण्यास सांगितले. त्याबरोबर पाण्याची फवारणी आणि राडारोड्याच्या गाड्या झाकणे हेही आले. त्या पत्र्याचे कारण धूळ हे आहे. बिल्डरचे बांधकाम कुरूप दिसते म्हणून ते झाका, असे कोणी म्हटले नाही. अर्धवट उभी इमारत, उघड्या सळया, मातीचे ढीग हे दृश्य काही कमळाच्या तळ्यासारखे नसते. तरी त्यास ‘विकास’ म्हणतात, आणि त्याच सळयांचे तुकडे गोळा करणाऱ्यास ‘बकालपणा’ म्हणतात. सौंदर्याची ही मोजपट्टी कोणत्या लाकडाची आहे?

कुदळवाडीचा धडा

झाकल्याने धंदा निर्धास्त होईल असे ज्या भंगारवाल्या बांधवांस वाटत असेल त्यांनी आपल्याच शहराच्या दुसऱ्या टोकाकडे पाहावे. चिखलीजवळच्या कुदळवाडीत वर्षानुवर्षे भंगाराची आणि छोट्या उद्योगांची गोदामे होती. पत्र्याच्या भिंती, पत्र्याचे छप्पर. शहराच्या नजरेआड असलेली एक सबंध नगरी. तेथे वारंवार आगी लागत; डिसेंबर २०२४ मध्येही मोठी आग लागली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे आठवड्याभरात महापालिकेने बुलडोझर लावून आठशेहून अधिक एकरांवरील चार हजारांहून अधिक बांधकामे भुईसपाट केली. प्रशासनाचे म्हणणे असे की बांधकामे अनधिकृत होती, रस्त्यांच्या आरक्षणांवर होती, प्रदूषण करणारी होती आणि नोटिसा दिल्या होत्या. हे सर्व धरून चाला. तरी प्रश्न उरतोच. ही चार हजार बांधकामे एका रात्रीत उगवली नव्हती. ती उभी राहत होती तेव्हा प्रशासन कोठे होते? आगी लागत होत्या तेव्हा परवाने, पाणी, रुंद रस्ते, अग्निशमनाची व्यवस्था का झाली नाही? जे शहराच्या दृष्टीआड होते ते शहराच्या विचाराआड राहिले, आणि एके दिवशी एकदम दृष्टीस पडले ते तोडण्यासाठीच.

तेथे राबणारे पुष्कळ लोक उत्तर प्रदेशातून आलेले, पुष्कळ मुसलमान. म्हणून ‘आपला काय संबंध’ असे म्हणणारे आमच्यातही निघाले. त्यांस आम्ही एवढेच विचारतो : गोदामात माल कोठून येत होता? वस्तीवस्तीतून वेचणाऱ्या आमच्या आयाबहिणींकडून. गोदाम पडले की बाईच्या गोणीचा भाव पडतो. साखळीची एक कडी तुटली की दुसरी आपोआप गळून पडते, मग त्या कडीचा धर्म कोणताही असो.

१९८५ साली मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्याच निकालाने रीतसर नोटीस देऊन हटविण्यास वाटही ठेवली, हेही विसरता कामा नये. म्हणजे नुसता हक्क कागदावर असून भागत नाही. तो बजावण्यास आपण दिसले पाहिजे, नोंदले गेले पाहिजे, संघटित असले पाहिजे. पुण्याच्या कचरावेचक स्त्रियांनी हे करून दाखविले. त्यांनी संघटना केली, ओळखपत्रे मिळविली, आणि २००८ साली त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने पुणे महानगरपालिकेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. त्या पडद्याआड गेल्या नाहीत, दारात आल्या. त्यामुळे त्यांच्या अडचणी संपल्या नाहीत. परंतु आज त्यांच्याशी बोलल्यावाचून पुण्याला आपल्या कचऱ्याचा विचार करता येत नाही.

आपल्याच शिकलेल्या बांधवांस

आता जे लिहावयाचे ते थोडे कडू आहे. वाकडच्या उंच इमारतींत राहणाऱ्यांत आपलेही लोक आहेत. खडकी आणि देहूरोडच्या लष्करी डेपोंत, पिंपरीच्या कारखान्यांत बापाने आणि आजाने घाम गाळला. मुलगा शिकला, संगणकावर बसला, त्याने कर्ज काढून घर घेतले. याचा आम्हांस अभिमान आहे. बाबासाहेबांनी याचसाठी आयुष्य झिजविले. पण सोसायटीच्या सभेत जेव्हा ‘समोरचे भंगार झाका’ असा अर्ज फिरतो आणि त्याखाली आपला हा मुलगाही मुकाट्याने सही करतो, तेव्हा आम्ही काय समजावे? घराची किंमत कमी होईल ही भीती आम्हांस समजते. हप्ता दर महिन्यास भरावा लागतो. परंतु आपली ओळख कळेल म्हणून आपण अधिक जोराने नाक धरावे, ही भीती त्याहून खोल आहे, आणि ती दुसऱ्याने आपल्या अंगात भरलेली आहे. पडदा भंगारावर पडला तरी तो आपल्याच कालच्या दिवसावर पडणार आहे.

वाकडपासून जवळच देहूरोड आहे. तेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वहस्ते बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या मूर्तीपुढे आपण दरवर्षी जातो. तथागतांच्या धम्मात सम्यक् दृष्टी ही पहिली पायरी सांगितली आहे. जे आहे ते जसे आहे तसे पाहणे, हा तिचा साधा अर्थ. कथा अशी आहे की राजपुत्र सिद्धार्थाच्या वाटेवरून दुःखाची दृश्ये हटविण्याची व्यवस्था त्याच्या पित्याने केली होती. बाबासाहेबांनी गृहत्यागाची ही परंपरागत कथा स्वीकारली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने म्हातारपण आणि मरण कधी पाहिलेच नसेल हे त्यांच्या बुद्धीस पटले नाही. ते बरोबरच होते : राजाचे पडदेसुद्धा जग झाकू शकत नाहीत. मग महापालिकेचे कसे झाकतील?

आम्हांस काय हवे

नुसता विरोध करून थांबणे आमच्या रिवाजात बसत नाही. महापालिकेस भंगाराच्या आवारांसाठी नियम करावयाचे असतील तर आम्ही त्यांचे स्वागत करू. मात्र नियमाने रस्त्यावरील प्रवाशाच्या डोळ्यांऐवजी आवाराच्या जमिनीकडे आणि आतल्या मजुराकडे पाहावे.

आवाराची जमीन सिमेंटची असावी आणि तेल गटारात न जाता वेगळे साठावे. बॅटऱ्या छपराखाली ठेवाव्यात, त्या तेथे फोडू नयेत. तारा जाळण्यास सक्त मनाई असावी, आणि तारा सोलण्याची यंत्रे सामाईक जागी उपलब्ध करावीत. आगीचा बंब आत शिरेल एवढी वाट आणि किमान दोन दारे असावीत. कुंपण असेल तर आतील काम तपासनिसास आणि शेजाऱ्यास दिसेल असे असावे. मजुरांची नोंद व्हावी. त्यांस हातमोजे, बूट, पिण्याचे पाणी आणि संडास मिळावा. वजनकाट्याची वेळोवेळी तपासणी व्हावी, म्हणजे वेचणाऱ्या बाईची गोणी कमी भरणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे : शहराच्या विकास आराखड्यात या व्यवसायासाठी कायदेशीर जागा राखून ठेवावी, आणि जेथून हलवावयाचे तेथून पर्यायी जागा दिल्याखेरीज हलवू नये. कारखान्यांसाठी १९६२ पासून औद्योगिक विकास महामंडळ जमिनी संपादन करून देत आले आहे. त्या कारखान्यांचा उरलेला माल शहरातून उचलणाऱ्यास हातभर जागा देण्यास मात्र जमीन संपते, हे आम्ही मान्य करणार नाही.

वाचकहो, असा अर्ज आपल्या दारी आला तर तो फाडू नका आणि त्यावर मुकाट्याने सहीही करू नका. त्याच्या तळाशी एक ओळ आपल्या हाताने लिहा : ‘हा पडदा धुरासाठी, आगीसाठी की माणसासाठी?’ उत्तर धूर किंवा आग असे येईल तर त्यांवरचा खरा उपाय मागा. उत्तर न येता नुसती शांतता पसरली तर ओळखा की पडद्याचे खरे कारण सापडले. मग त्या सभेत उभे राहा आणि सांगा की, आमचे लोक गावकुसाबाहेर पुष्कळ काळ राहिले. आता आणखी एक गावकूस, पत्र्याचे का होईना, आम्ही उभे राहू देणार नाही.

जयभीम.